सामाजिक संशोधनातली पहिली नोकरी: तयारी नेमकी कशाची करायची?

"मला सामाजिक संशोधनात काम करायचं आहे, पण सुरुवात कुठून करू?" असं विचारणारी बहुतेक मुलं-मुली नुकतीच शिक्षण संपवून बाहेर पडलेली असतात. कुणी समाजशास्त्र शिकलेलं असतं, कुणी अर्थशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, कधी साहित्यसुद्धा. गुण चांगले असतात, तळमळ खरी असते. अर्जात मात्र 'मला संशोधनाची आवड आहे' हे वाक्य हमखास असतं आणि त्या आवडीचा एकही पुरावा सोबत जोडलेला नसतो.

गेली काही वर्षं मी नव्या संशोधन सहायकांची निवड आणि प्रशिक्षण अशी दोन्ही कामं करते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. आणखी चार ऑनलाइन कोर्स करण्यापेक्षा एक छोटासा अभ्यास स्वतः पुरा करा, प्रश्न ठरवण्यापासून ते दोन पानी अहवाल लिहिण्यापर्यंत. विषय साधा असू दे, माणसं पंधरा-वीसच असू देत, पण अर्धवट सोडू नका. असं का म्हणते, ते कळण्यासाठी या कामात दिवसभर काय चालतं ते आधी पाहू.

दिवसभर काय काम असतं?

सामाजिक संशोधन म्हणजे माणसं कशी राहतात, काय मानतात, काय करतात आणि का करतात याची पद्धतशीर चौकशी. यातला 'पद्धतशीर' हा शब्द महत्त्वाचा. चार ओळखीच्यांशी बोलून मत बनवणं आपण सगळेच करतो. संशोधकाला मात्र कुणाला विचारलं, कुणाला विचारायचं राहिलं, कोणत्या शब्दांत विचारलं आणि उत्तरांवरून निष्कर्षापर्यंत कसं पोचलो, हे सगळं दुसऱ्याला तपासता येईल असं मांडावं लागतं.

हे काम विद्यापीठांत चालतं, सरकारी सांख्यिकी विभागांत चालतं, सामाजिक संस्थांत, धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांत आणि बाजार संशोधन कंपन्यांत चालतं. पहिल्या पदाची नावं वेगवेगळी असतात: संशोधन सहायक, प्रकल्प सहायक, फील्ड इन्व्हेस्टिगेटर, ज्युनिअर ॲनालिस्ट. काम बरंचसं सारखंच. आधी झालेले अभ्यास शोधून त्यांचे गोषवारे काढायचे, प्रश्नावली तपासायची, लोकांना फोन करून वेळ ठरवायची, मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्डिंग ऐकून शब्दांकन करायचं, डेटा साफ करायचा, तक्ते बनवायचे. मोठे निष्कर्ष वरिष्ठ लिहितात. पण ते ज्या नोंदींच्या आधारावर लिहिलेले असतात, त्या नोंदी पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या सहायकाच्या हातच्या असतात. नोंद चुकली तर पुढे ती दुरुस्त करणं अवघड, कारण ती चुकली आहे हेच वरच्यांना कळत नाही.

चार्ल्स बूथ यांनी १८८६ मध्ये लंडनमधल्या गरिबीचा मोठा अभ्यास सुरू केला. पुढे तो १७ खंडांत छापला गेला. त्यांच्या मदतनिसांत बिॲट्रिस पॉटर नावाची तरुणी होती. गोदी कामगार आणि शिलाईच्या कामात पिळले जाणारे मजूर हा भाग तिच्याकडे होता. ते काम आतून कळावं म्हणून ती स्वतः शिलाई कामगार म्हणून राबली. हीच पुढे बिॲट्रिस वेब या नावाने ओळखली गेली आणि १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स स्थापन करणाऱ्यांपैकी एक झाली. नव्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. मदतनिसाचं काम म्हणजे खऱ्या कामाआधीची पायरी, असं त्यांना वाटत असतं. बूथच्या खंडांतली कित्येक पानं मात्र अशाच मदतनिसांच्या कष्टांवर उभी आहेत.

विषय म्हणजे प्रश्न नव्हे

नवीन मंडळी सगळ्यात जास्त घाई करतात ती प्रश्नाच्या बाबतीत. म्हणून इथे जरा थांबू.

'तरुणांवर सोशल मीडियाचा परिणाम' हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर काम करता येईल आणि तरी हाती ठोस काही लागणार नाही. कोणते तरुण? कसला परिणाम? कुणाच्या तुलनेत? किती काळात? ही उत्तरं भरत गेलं की प्रश्न तयार होतो: महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातले विद्यार्थी झोपण्याआधीच्या तासाभरात फोन किती वेळ वापरतात, आणि स्वतःच्या झोपेबद्दल ते काय सांगतात? यात 'परिणाम' हा शब्द उरलेला नाही, ते मुद्दाम. फोन जास्त वापरणारे कमी झोपतात असं दिसलं, तरी फोनमुळे झोप उडते की झोप येत नाही म्हणून माणूस फोन हातात घेतो, हे एवढ्यावरून कळत नाही. दोन गोष्टी सोबत दिसणं आणि एकीमुळे दुसरी घडणं यातला फरक ज्याच्या अंगवळणी पडला, त्याची निम्मी तयारी झाली असं मी धरते.

यापुढे एकच उदाहरण धरून चालू, म्हणजे सगळे टप्पे जोडलेले दिसतील. ग्रंथालयाचे सभासद होऊनही लोक यायचे का थांबतात? प्रश्न लहान आहे, माणसं सापडण्यासारखी आहेत आणि उत्तर आधीपासून ठाऊक नाही.

आता प्रश्नावलीकडे. पहिल्या मसुद्यात बहुतेक जण लिहितात, 'तुम्ही नियमित वाचन करता का?' वाचायला सोपा वाटतो. एकदा एका प्रशिक्षणार्थीला मी हा प्रश्न सहा जणांना विचारायला सांगितला, आणि उत्तर मिळाल्यावर आणखी एक विचारायचं: "हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आलं?" एकाचं उत्तर 'हो' होतं. तो फोनवर बातम्यांचे मथळे रोज बघत होता. एका बाईंचं उत्तर 'नाही' होतं. त्या रोज रात्री वीसेक पानं वाचत होत्या, पण त्यांच्या मते 'नियमित' म्हणजे आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी माणसं. म्हणजे वाचणारी बाई 'न वाचणाऱ्यां'च्या रकान्यात गेली आणि न वाचणारा 'वाचकां'मध्ये. खोटं दोघंही बोलत नव्हते. चूक प्रश्नाची होती.

मग आम्ही तो असा बदलला: 'गेल्या सात दिवसांत, अभ्यास किंवा नोकरीची गरज सोडून, स्वतःच्या इच्छेने तुम्ही किती दिवस पुस्तक वाचलं? छापील किंवा फोनवरचं, दोन्ही धरा.' लांबला खरा, पण आता काळ ठरलेला आहे, 'पुस्तक' म्हणजे काय ते ठरलेलं आहे आणि उत्तर ० ते ७ यांपैकी एक आकडा आहे. ऐकायची पुस्तकं धरायची की नाही यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तो अर्धा तास वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. उत्तर देताना माणसाच्या मनात काय चाललं होतं हे असं विचारून पाहण्याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. त्याला पैसे लागत नाहीत, सॉफ्टवेअर लागत नाही. घरबसल्या उद्यापासून सराव करता येतो.

शब्दाचा फरक किती पडतो याचा एक जुना दाखला आहे. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निकाल मांडले. लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का' असं विचारल्यावर सुमारे ६२ टक्के लोकांनी देऊ नये असं सांगितलं. दुसऱ्या गटाला त्याच भाषणांवर 'बंदी घालावी का' असं विचारलं, तेव्हा घालावी म्हणणारे सुमारे ४६ टक्केच निघाले. परवानगी नाकारणं आणि बंदी घालणं व्यवहारात एकच. पण 'बंदी' हा शब्द जड आहे, तो उच्चारताना माणूस कचरतो.

बाकीच्या नेहमीच्या चुका पटकन सांगते. 'ग्रंथालयातली पुस्तकं आणि कर्मचारी यांबद्दल तुम्ही समाधानी आहात का?' यात दोन प्रश्न एकात आहेत. पुस्तकं आवडणाऱ्या पण कर्मचाऱ्यांवर नाराज असलेल्या माणसाने काय सांगायचं? 'वाचनाने माणूस घडतो हे तुम्हाला मान्य आहे ना?' यात उत्तर आपणच भरवलं आहे. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही पाच पायऱ्यांची उतरंड तुम्ही पाहिली असेलच. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून ती आली. ती उपयोगी आहे, पण जे सरळ आकड्यात विचारता येतं ते तिच्यात कोंबू नये.

आणि पायलट, म्हणजे खऱ्या सर्वेक्षणाआधीची छोटी चाचणी, कधी टाळू नका. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या ताग पिकाचा अंदाज बांधताना मोठ्या सर्वेक्षणाआधी छोटी चाचणी सर्वेक्षणं घेतली. आज ती पद्धत सगळीकडे रुळली आहे. पायलटमध्ये पाच माणसं अडखळली, तर खऱ्या सर्वेक्षणात पाचशे अडखळणार होती.

शितावरून भाताची परीक्षा

नमुना म्हणजे काय हे ही म्हण एका ओळीत सांगते. पण ती खरी ठरते भात सगळीकडे सारखा शिजला असेल तेव्हाच. वरचं शीत मऊ लागलं म्हणून तळाचंही मऊच असेल असं नाही. समाज तर कधीच सारखा शिजलेला नसतो. म्हणून किती शितं घेतली याच्याआधी ती कुठून घेतली हे विचारायचं.

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. आल्फ्रेड लँडन सहज जिंकतील असा अंदाज त्यावरून छापला गेला. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असणारी माणसं कोण, हे वेगळं सांगायला नको. शिवाय ज्यांनी कष्ट घेऊन मतपत्रिका परत पाठवल्या ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी छोट्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं. गंमत नाही, धडा आहे: १९४८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गॅलप यांचाही अंदाज चुकला. ट्रुमन हरतील असं त्यांनी म्हटलं होतं, ट्रुमन जिंकले. कोटा ठरवून (इतके पुरुष, इतक्या स्त्रिया असं) माणसं निवडण्याची पद्धत आणि मतदानाच्या बरेच दिवस आधी विचारणं थांबवणं, ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात.

आकड्यांचं भय वाटणाऱ्यांसाठी एवढं पुरे: खरोखर यादृच्छिक, म्हणजे प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता सारखी असेल अशा रीतीने १००० माणसं निवडली, तर टक्केवारीतली चूक साधारण ३ टक्क्यांच्या आत-बाहेर राहते, तीही शंभरातल्या ९५ वेळा. ती निम्मी करायची तर २००० पुरत नाहीत, ४००० लागतात. आणि लोकसंख्या दहा लाख असो की दहा कोटी, या हिशेबात फारसा फरक पडत नाही. हे का होतं ते स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता आलं पाहिजे. सूत्र पाठ असण्यापेक्षा मुलाखतीत याचा उपयोग जास्त होतो.

आपल्या ग्रंथालयाच्या अभ्यासात सापळा कुठे आहे? ग्रंथालयाच्या दारात उभं राहून माणसं गाठली, तर भेटतात ती सगळी येणारी. यायचं थांबलेली माणसं तिथे नसतातच.

समोरचा माणूस

फील्डवर जाईपर्यंत पुस्तकातलं ज्ञान फार भक्कम वाटतं. माझ्या सुरुवातीच्या एका प्रकल्पात घरकामात कोण किती वेळ देतं हा प्रश्न होता. एका घरात बाई उत्तरं देत होत्या, नवरा शेजारी बसून ऐकत होता. "आम्ही सगळे मिळून करतो," त्या म्हणाल्या. मी तसं लिहिलं. पाच-सात मिनिटांनी नवऱ्याला फोन आला, तो उठून बाहेर गेला. बाई पुढे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मगाशी लिहिलंत ते खोडा. सगळं मीच करते."

एकांत मागायला हवा होता हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. ती माझी चूक. मी दोन्ही उत्तरं लिहिली, मधे काय घडलं तेही समासात लिहिलं. फॉर्मवर 'मुलाखतीच्या वेळी आणखी कुणी हजर होतं का' असा रकानाच नव्हता. आमच्या पर्यवेक्षकांनी दुसऱ्या दिवसापासून तो घातला. तेव्हापासून मी नव्या मुलांना सांगते की फॉर्म भरणं एवढंच काम नाही. खोलीत काय चाललं होतं हेही डेटाच आहे. मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी, झोपायच्या आत, फील्ड नोट लिहायची. दुसऱ्या दिवशी तपशील पुसट होतात आणि त्यांच्या जागी आपल्या कल्पना येऊन बसतात.

ज्या मुलाखतींत पर्याय नसतात, मोकळं बोलणं असतं, तिथे गप्प राहायला शिकावं लागतं. माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो. मनात पाच आकडे मोजा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या पाच आकड्यांनंतर येते. "म्हणजे तुम्हाला राग आला का?" असं शब्द पुरवून विचारू नका, "मग काय वाटलं?" एवढंच पुरतं.

शब्दांकनाचा सराव जरूर करा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास सहज लागतात. हल्ली यंत्र पहिला मसुदा काढून देतं. पण बोलीतले शब्द, अर्धवट वाक्यं, 'नाही' आणि 'नाही का' यांतला फरक यंत्र चुकवतं, म्हणून मूळ आवाजाशी ताडून पाहणं सुटत नाही. आणि दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं रेकॉर्डिंग प्रकल्पाच्या परवानगीशिवाय कुठल्याही मोफत वेबसाइटवर चढवायचं नाही.

शब्दांकनानंतर येतं कोडिंग, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावणं. संगणकाच्या प्रोग्रॅमिंगशी याचा संबंध नाही. समजा, कुणी म्हणालं: "पुस्तक बदलायला जाते, पण बसत नाही. बसलं की सगळे बघतात." याला तुम्ही 'बसायला जागा नाही' असं लेबल लावलंत तर चूक. जागा आहे, तिथे तिला अवघडल्यासारखं होतं. 'नजरेचा संकोच' हे लेबल जवळ जातं. अशी लेबलं, प्रत्येकाची व्याख्या आणि एकेक उदाहरण, याची यादी म्हणजे कोडबुक. मग तोच उतारा दुसऱ्या कुणाला तेच कोडबुक देऊन लेबलं लावायला सांगा. दोघांची लेबलं जुळली नाहीत तर बहुधा व्याख्या ढिसाळ आहे.

९९ वर्षांची वीस माणसं

डेटा साफ करणं कंटाळवाणं असतं असं सगळे म्हणतात. मला ते आवडतं, कारण चोर तिथे सापडतात. एक हिशेब बघा. सर्वेक्षणात २०० माणसं आहेत. १८० जणांनी वय सांगितलं, त्यांची सरासरी ३८. वीस जणांनी सांगितलं नाही, म्हणून त्यांच्या वयाच्या रकान्यात '९९' हा 'उत्तर नाही'चा कोड भरला गेला. ते विसरून सरासरी काढली की येते ४४.१. सहा वर्षांनी म्हातारा झालेला हा नमुना अहवालात जातो, आणि ४४ हे वय अशक्य वाटत नसल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

म्हणून कुठलंही गणित करण्याआधी प्रत्येक रकान्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मूल्य बघायचं, रिकामे किती ते मोजायचं, एकच माणूस दोनदा आला आहे का ते तपासायचं. मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत घेऊन तिच्यावर काम करायचं. आणि काय बदललं, का बदललं, कोणत्या तारखेला, याची वही ठेवायची. सहा महिन्यांनी वरिष्ठ विचारतील, "हे तीन फॉर्म का वगळले?" तेव्हा ती वहीच वाचवते.

सॉफ्टवेअरबद्दल फार बोलत नाही. एक्सेल नीट यायला हवं, त्याला पर्याय नाही. त्यानंतर 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिका. ते मोफत आहे आणि केलेली प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. काही ठिकाणी एसपीएसएस किंवा स्टाटा वापरतात. एक नीट येत असेल तर दुसरं शिकायला काही आठवडे पुरतात. फोनवरून फॉर्म भरून घ्यायला ओडीके आणि कोबो टूलबॉक्स अनेक संस्था वापरतात. स्वतः एक फॉर्म बनवून, त्यात 'नाही म्हटल्यास प्रश्न ९ वर जा' असे फाटे घालून बघा.

संमती म्हणजे सही नव्हे

अमेरिकेत १९३२ पासून ४० वर्षं टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांच्या आजाराची खरी माहिती न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. पेनिसिलिन हा उपचार हाताशी आल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही. १९७२ मध्ये हे उघड झालं. त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या कामातून १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला. त्याने तीन तत्त्वं सांगितली: माणसाचा मान राखणं, त्याचं भलं बघणं आणि न्याय. टस्कीगीचा अभ्यास वैद्यकीय होता, पण ही तत्त्वं आज सामाजिक संशोधनालाही तितकीच लागू मानतात.

फील्डवर याचा अर्थ अगदी साधा होतो. समोरच्याला त्याच्या भाषेत सांगा की तुम्ही कोण आहात, काय विचारणार आहात, किती वेळ लागेल, उत्तरांचं काय होईल. तो केव्हाही थांबू शकतो, नको त्या प्रश्नाचं उत्तर टाळू शकतो, आणि नाही म्हटलं तरी त्याचं काही बिघडणार नाही. मग विचारा, "मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" त्याला सांगता आलं तर संमती आहे. कागदावर सही आहे पण हे त्याला सांगता येत नसेल, तर ती संमती नाही.

नाव खोडलं की ओळख लपली, हाही गैरसमज सोडा. लाटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की पाच अंकी पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव म्हणून ओळखता येण्याची शक्यता आहे. 'गावातली एकमेव महिला डॉक्टर' असं अहवालात लिहिलं, तर नाव लिहिण्याची गरज उरत नाही.

आता तुमचा अभ्यास

सहा आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात प्रश्न पक्का करा आणि त्यावर आधी कुणी काय लिहिलं आहे ते वाचा. आठ-दहा लेख पुरेत, प्रत्येकाची चार ओळींत नोंद करा. त्यात लेखकाने काय सांगितलं याच्या बरोबरीने ते त्याला कशावरून कळलं हेही लिहा. दुसऱ्या आठवड्यात प्रश्नावली आणि पायलट. मग तीन आठवडे माणसं. नवशिक्याने लहान मुलं, आजारी माणसं, हिंसा, मानसिक त्रास असे विषय एकट्याने घेऊ नयेत. त्यात समोरच्याला इजा होऊ शकते, आणि ती सावरण्याची तयारी तुमच्याकडे नसते. शेवटच्या आठवड्यात लिहा.

माणसांपर्यंत पोचणं शक्य नसेल तर इतरांनी गोळा केलेला डेटा घ्या. अमेरिकेतला जनरल सोशल सर्व्हे १९७२ पासून चालू आहे, वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून, युरोपियन सोशल सर्व्हेची पहिली फेरी २००२ ची. या तिन्हींचा डेटा अभ्यासासाठी मोफत उतरवून घेता येतो, प्रश्नावली आणि कोडबुकसकट (इथे कोडबुक म्हणजे कोणत्या रकान्यातला कोणता आकडा कशासाठी आहे याची यादी). एक प्रश्न घ्या, दोन तक्ते काढा, ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत ते लिहा. आणि आधी कोडबुक वाचा. ते पूर्ण वाचणारे फार थोडे असतात.

अहवाल दोनच पानांचा. पहिल्या परिच्छेदात काय सापडलं ते लिहा. मग कुणाला, किती जणांना, कसं विचारलं. मग सापडलेल्या गोष्टी, लोकांच्या शब्दांतल्या एक-दोन वाक्यांसह. वीस जणांच्या अभ्यासात 'पाच टक्के लोक म्हणतात' असं लिहू नका. तो एक माणूस आहे, 'एक जण म्हणाला' लिहा. शेवटी, या अभ्यासातून काय म्हणता येत नाही. हा भाग नवी मुलं लाजत लाजत दोन ओळींत उरकतात. मी अर्ज वाचताना सगळ्यात आधी तोच वाचते.

बायोडेटातही हेच करा. 'टीमवर्क' आणि 'संवादकौशल्य' काढून टाका. 'सतरा जणांच्या मुलाखती घेतल्या, सहा तासांच्या रेकॉर्डिंगचं शब्दांकन केलं, कोडबुक बनवलं, अहवाल सोबत जोडला आहे' ही एक ओळ बरंच काही सांगते. बऱ्याच ठिकाणी छोटी लेखी परीक्षा असते: एक बिघडलेली फाइल देतात, किंवा दोन पानी उतारा देऊन गोषवारा मागतात. वेळ लावून सराव करा. आणि तुम्हीही विचारा. प्रवासखर्च कोण देणार, फील्डवर एकट्याने जावं लागेल का, उशीर झाला तर कुणाला फोन करायचा, प्रशिक्षण किती दिवसांचं, मोबदला दिवसाचा की फॉर्मामागे. फॉर्मामागे पैसे मिळत असतील तर घाई करायचा दबाव येतो आणि डेटावर त्याचा परिणाम होतो; हे नोकरी घेण्याआधी कळलेलं बरं.

मी मुलाखतीत एक प्रश्न नेहमी विचारते: "तुमच्या अभ्यासात काय चुकलं?" एका मुलीने हाच ग्रंथालयाचा विषय घेतला होता. ती म्हणाली, "मी पहिल्या बारा जणांना ग्रंथालयातच गाठलं. सहाव्या मुलाखतीपर्यंत मला कळलंच नाही की ज्यांच्याबद्दल माझा प्रश्न आहे त्यांच्यातला एकही मला भेटलेला नाही. तरी मी वेळ जाईल म्हणून बारा पुऱ्या केल्या. मग ग्रंथपालांना विनंती केली. त्यांनी नंबर दिले नाहीत, पण येणं सोडलेल्या सभासदांना स्वतः फोन करून माझ्याशी बोलाल का असं विचारलं. पाच जण तयार झाले. अहवाल त्या पाच जणांवर आहे. बारा मुलाखती मी परिशिष्टात ठेवल्या आहेत, का ठेवल्या तेही लिहिलं आहे."

पुढच्या सोमवारी ती कामावर रुजू झाली.